आकडे-घसरण

साहेब, आमच्या गल्लीचं पाणी तुम्ही गोठवलं. आडवळणानं बोलायची आम्हाला सवय नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. तुमचं नाव घेत नाही. ज्याचा नळ कोरडा आहे तो नाव ओळखतो, आणि ज्याची टाकी वाहते त्याला नावाशी काय करायचंय? आता कसं गोठवलं ते ऐका, तिऱ्हाइताची गोष्ट ऐकावी तसं.

वरून इंग्रजीत पत्र आलं की शहरात आंतरराष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा घ्यायची आणि तिचा परफॉर्मन्स रिव्ह्यू पाठवायचा. बर्फावर. मे महिन्यात. मे महिन्यात संभाजीनगरात रस्त्याचं डांबर चपलेबरोबर घरी येतं, पण पत्रात हवामानाचा रकाना नव्हता. पत्र नियमानुसार भाषांतराला गेलं. भाषांतर शाखेनं शब्दकोश काढला. फिगर म्हणजे आकडा. स्केटिंग म्हणजे घसरणं. परफॉर्मन्स रिव्ह्यू म्हणजे कामगिरीचा आढावा. पत्र परत आलं तेव्हा विषय असा झाला होता : ‘आंतरराष्ट्रीय आकडे-घसरण स्पर्धा – कामगिरीचा आढावा घेणेबाबत.’ आकड्यांचं काम म्हणून फाइल सांख्यिकी शाखेत गेली, आणि सांख्यिकी शाखेत वैजनाथ लासूरकरच्या टेबलावर येऊन बसली.

निवड चुकली असं कुणी म्हणू नये. वैजनाथच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या टेबलावरून एकही आकडा घसरला नव्हता. पाऊस घसरला, कापूस घसरला, शाळेतली हजेरी घसरली. आकडा जागच्या जागी. घसरणीतला एवढा जाणकार माणूस अख्ख्या विभागात दुसरा नव्हता.

बर्फाला पाणी लागतं, हे साहेबांच्या दुसऱ्या बैठकीत लक्षात आलं. आपल्याकडं पाणी बारा दिवसांनी येतं. त्या आठवड्यात पाण्याची पाळी होती शहागंजच्या मागच्या गल्लीची, म्हणजे वैजनाथच्याच गल्लीची. पाळी मैदानाकडं वळवण्यात आली. फाइलवर शेरा पडला : ‘व्यापक जनहितार्थ.’

स्पर्धेच्या दिवशी सकाळी वैजनाथच्या दारात दगडाबाई उभी. शेजारीण, साठीच्या पुढची, शहागंजात भाजीचा गाडा लावते.

“वैजनाथा, लेकीला बाळंत होऊन आज नववा दिस. बाळोत्यांचा ढीग माझ्या कमरेला लागला. नळ नुसता खोकतोय.”

“पाळी वळवली ना मावशी. स्पर्धा आहे.”

“व्हय, ऐकलं. पान्याचा दगड करायचा अन् त्याच्यावर पोरी घसरवायच्या. लई शानं डोस्कं हाय कुनाचं तरी.” तिनं कनवटीची पिशवी सोडून कागदांची घडी काढली. “पान्याच्या हापिसात अकरा फेऱ्या मारल्या म्या. ह्या बघ पोचा.”

अकरा अर्जांच्या अकरा पोचा. प्रत्येकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक.

“बाराव्यांदा जायाची ताकद नाय राहिली. तू तिथं रिपोट लिहिनार म्हनं. त्याच्यात एक ओळ टाक. गल्लीचं पानी सोडा म्हनून. जास्त नाय, एकच.”

“टाकतो मावशी.”

“नक्की?”

“नक्की टाकतो.” पोचा पण त्यानं मागून घेतल्या. पुरावा असलेला बरा.

छावणीकडच्या मैदानावर मांडव होता. निमंत्रणावर ‘लोकरी पोशाख अनिवार्य’ असं छापलेलं, म्हणून गावातली मान्यवर मंडळी त्रेचाळीस अंशात स्वेटर, मफलर, कानटोप्या घालून रांगेत उभी होती. दोघं दारातच चक्कर येऊन पडले. त्यांना स्पर्धेतल्या पडझडीत धरायचं का, यावर थोडी चर्चा झाली. आत मात्र गारवा होता, आणि मधोमध पांढराशुभ्र बर्फ. वैजनाथनं तो पाहिला आणि मनातल्या मनात हिशेब केला : आपल्या गल्लीचे बारा दिवस.

पहिली खेळाडू फिनलंडची. ती बर्फावर आली. काठावरून निघाली ती पाण्यावरून सावली सरकावी तशी. वैजनाथनं जन्मात असलं काही पाहिलं नव्हतं. त्यानं आढाव्याच्या तक्त्यावर लिहिलं : ‘फार सुंदर.’

शेजारी साहेब बसले होते. ते वाकले. “हे कुठल्या रकान्यात?”

तक्त्यात उद्दिष्ट होतं, साध्य होतं, टक्केवारी होती, घसरणीची कारणं होती. सुंदरचा रकाना नव्हता. वैजनाथनं खोडलं.

“ती काय करतेय?” साहेबांनी विचारलं.

“घसरतेय, साहेब.”

“किती?”

“सलग चार मिनिटं.”

“मग लिहू नका. हा आढावा वर जायचाय. माझ्या कारकिर्दीत घसरण दिसता कामा नये.”

“पण साहेब, घसरणं हाच खेळ आहे.”

“खेळ त्यांचा, लासूरकर. आकडे आपले.”

तेवढ्यात पोरगी उडाली, हवेत गरगर फिरली आणि अलगद टेकली. मांडव टाळ्यांनी दणाणला. “हवेत तीन फेऱ्या,” वैजनाथ म्हणाला. साहेब खूश झाले. “हं, हे लिहा. फेऱ्या म्हणजे पाठपुरावा. फेऱ्यांना गुण द्या, घसरणीचे कापा.”

निकष ठरले. दुसरी खेळाडू जपानची. ती तिसऱ्या मिनिटाला पडली. पडझड म्हटल्यावर पंचनामा आला. अतिवृष्टीचा छापील नमुना शिल्लक होता, तोच भरायला घेतला. ‘भिंत की छप्पर?’ या प्रश्नापुढं वैजनाथनं ‘छप्पर शाबूत’ लिहिलं आणि पडझड अंशतः ठरवली. ती बिचारी केव्हाच उठून नाचायला लागली होती आणि दोन पंच सहीसाठी बर्फावर तिच्या मागं. पंचही पडले. त्यांचा पंचनामा करायला आणखी दोन पंच उतरले.

संध्याकाळपर्यंत नऊ देशांच्या नऊ खेळाडू घसरल्या. सगळ्यांच्या फेऱ्यांचे गुण घसरणीत गेले. पहिल्या क्रमांकाचा रकाना रिकामा. साहेबांच्या कानटोपीतून घाम गळायला लागला.

आणि लाइट गेली.

जनरेटर सुरू करायचा तर किल्ली कोणत्या विभागाकडं, हे कळेना. मांडव तापला, बर्फावर पाणी चमकायला लागलं. त्याच वेळी दारातून दगडाबाई आत आली. डोक्यावर हंडा होता. दारावरच्याला वाटलं, पाहुण्यांच्या स्वागताची कलशवाली. त्यानं वाकून वाट दिली. तिनं पायाला गोणपाट गुंडाळलं होतं. सरळ बर्फाच्या मधोमध गेली, फतकल मारून बसली आणि खलातल्या बत्त्यानं बर्फ फोडून हंड्यात भरायला लागली. तिला धरायला चार शिपाई धावले. चारही आडवे. दगडाबाई जाग्यावरून तसूभर हलली नाही.

“कोण आहे ती?” साहेब ओरडले.

वैजनाथनं तोललं : शेजारीण म्हणावं तर आपण गुंतणार, चोर म्हणावं तर ती. सव्वीस वर्षांची सवय कामाला आली. “स्थानिक स्पर्धक, साहेब. यजमान शहराची एक असावी लागते.”

“घसरण?”

“निरंक.”

“आणि फेऱ्या?”

वैजनाथनं खिशातून पोचा काढल्या. “अकरा. आवक क्रमांकासहित.”

साहेब उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी शहरात आलेलं तेवढंच. “इथं तीन-तीन फेऱ्यांना टाळ्या वाजवताय! आपल्या मातीतली बाई अकरा मारून बसली!”

सुवर्णपदक जाहीर झालं. शाल, नारळ, पदक. मान्यवर स्वेटरसकट उभे राहून टाळ्या वाजवत होते.

“पदक राहू द्या बाबा,” दगडाबाई म्हणाली, “तेवढा हंडा भरू द्या.”

“भरा, भरा!” साहेब म्हणाले. हंड्याला हात लावून त्यांनी फोटोही काढून घेतला.

मग आढाव्यावर सही करायला बसले आणि शेवटाला येऊन थांबले. “हे काय? ‘शहागंजमागील गल्लीचे पाणी तातडीने सोडावे.’ सुवर्णपदक विजेतीच्या गल्लीत पाणी नाही? लासूरकर, ही घसरण आहे.”

“साहेब, बाळंतीण आहे घरात.”

“हंडा नेला ना भरून? मग लिहा : ‘सदर गल्लीस घनरूपात पाणीपुरवठा करण्यात आला.’ पाळी झाली. पुढची आणखी बारा दिवसांनी.” साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “तुमची ती ओळ तुम्ही काढताय, की दुसऱ्या कुणाला बोलवू?”

वैजनाथनं ओळ काढली. नीट, पट्टी धरून.

दगडाबाईच्या घरी हंडाभर बर्फाचं अर्धा हंडा पाणी झालं, तळाशी बर्फाखाली फासलेला पांढरा रंग आणि भुसा. गाळून घेतलं तरी तीनच बाळोती निघाली. दुसऱ्या दिवशी वैजनाथ ऑफिसला निघाला तर दगडाबाईनं पदक नळाच्या तोटीला बांधलेलं.

“पानी नाय तर नाय, कायतरी लोंबतंय तरी,” ती म्हणाली. आत बाळ रडत होतं. “वैजनाथा, ती ओळ टाकली का रं?”

“टाकली, मावशी.”

खोटं बोलला नाही तो. आपली मराठी कारकुनाला फार सोयीची. ओळ घातली तरी टाकली, आणि काढून टाकली तरी टाकलीच. दगडाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. म्हणाली, “आपला मानूस आत असला की बरं असतं बाबा.”

साहेब, त्या ओळीचं उत्तर द्या. घनरूपात नको, पातळ द्या. पाणी कधी सोडताय? वार सांगा, वेळ सांगा.

आणि मांडवात स्वेटर घालून उभ्याउभ्या टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुम्हीही बोला. तुमच्यातल्या एकानं तरी हंड्यात वाकून पाहिलं का? नसेल पाहिलं, तर निदान एवढं सांगा : तुमच्या गल्लीची पाळी कधी आहे?