लक्ष्मणरावांच्या आवाजाची ओळख-परेड

कायद्यासमोर सर्व साक्षीदार समान असतात; फक्त त्यांना तोंड असावं लागतं. १९८३ साली आमच्या जिल्ह्यातल्या एका दिवाणी न्यायालयात अशी एक साक्ष दाखल झाली, जिला आवाज होता पण तोंड नव्हतं. त्यामुळे न्यायव्यवस्थेची जी कुचंबणा झाली, तिची नोंद कुणीतरी ठेवणं भाग आहे.

ही साक्ष म्हणजे एक कॅसेट. गिरडच्या अलीकडे आमचं गाव. तिथले लक्ष्मणराव खंजिरी भजनाचे म्होरके. त्यांची मुलगी तानाबाई नवरा वारल्यावर माहेरी आली आणि बापाचं शेवटपर्यंत तिनंच केलं. एका एकादशीला मंडळाचं भजन टेप होत असताना, दोन भजनांच्या मधल्या विसाव्यात लक्ष्मणराव सगळ्यांसमोर म्हणाले, "मांगच्या दोन खोल्या तानीच्या. चंद्रभान, तुले कबूल हाय ना?"

"कबूल हाय, बाबा," मुलगा चंद्रभान म्हणाला, आणि पुढचं भजन सुरू झालं. टेप चालूच होता.

म्हातारा गेला. तेरावं झालं आणि चंद्रभानला आपण काय कबूल केलं ते आठवेनासं झालं. त्यानं खोल्यांच्या ताब्यासाठी बहिणीवर दावा लावला. तानाबाईला दुसरं छप्पर नव्हतं. ती कॅसेट पिशवीत घालून बापूजी वकिलांकडे गेली. बापूजी खूश झाले. तोंडी वाटणी कायद्याला चालते आणि टेपही चालतो, फक्त आवाज कोणाचा ते सिद्ध व्हावं, फितीत छेडछाड नसावी आणि बोलणं दाव्याशी संबंधित असावं, असं त्यांनी सांगितलं. अटी सरळ होत्या. सरळ अटींचंच पुढे काय होतं, ते आपण पाहू.

कॅसेट प्रथम कोर्टाचं दप्तर सांभाळणाऱ्या नाजर सदाशिवरावांच्या टेबलावर गेली. दाखल झालेल्या प्रत्येक पुराव्याला, म्हणजे निशाणीला, डाव्या कोपऱ्यात दाभणानं भोक पाडून ती दोऱ्यानं फाइलीत ओवायची, हा त्या कचेरीचा इंग्रजांच्या वेळचा शिरस्ता. कॅसेटला ओवण्याजोगा कोपरा नव्हता.

"साहेब, हिले भोक पाडलं त ते बोलन कशी?" तानाबाईनं विचारलं.

"बाई, इथं आजवर हजारो कागदांना भोकं पाडली. एकानंही तक्रार केली नाही," सदाशिवराव म्हणाले. प्लास्टिक कडक निघालं, म्हणून त्यांनी लाख वितळवायच्या स्टोव्हवर दाभण तापवून आरपार घातलं. कॅसेट फाइलीत व्यवस्थित ओवली गेली. फीत तुटली, पण फितीबद्दल शिरस्त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या तारखेला कॅसेट वाजेना. न्यायालयाच्या हुकमानं गुलाब रेडिओवाल्याला बोलावलं. त्यानं फीत जोडून दिली. लगेच चंद्रभानचे वकील अण्णाजी उठले. "महाराज, फितीला जोड आहे. ही उघड छेडछाड आहे."

"कोणी केली?" न्यायाधीशांनी विचारलं.

"न्यायालयानंच, महाराज," बापूजी म्हणाले.

"न्यायालय छेडछाड करत नाही," न्यायाधीश शांतपणे म्हणाले. न्यायालय छेडछाड करत नाही आणि छेडछाड तर झालेली दिसते, त्या अर्थी कॅसेटला भोक पूर्वीपासूनच असावं, असं रोजनाम्यात नमूद झालं. मग अण्णाजींनी फितीत बोलणाऱ्या इसमाची उलटतपासणी मागितली. हक्क तो हक्क. बेलिफ समन्स घेऊन गावी जाऊन आला आणि त्यानं अहवाल दिला: सदर इसम मयत असल्याने घरी मिळून आला नाही, सबब समन्स दारावर चिकटवले.

समन्स लागूनही लक्ष्मणराव गैरहजर राहिले. हे त्यांच्या विरुद्ध गेलं. तरीही न्यायालयानं मोठ्या मनानं टेप ऐकला आणि आवाज ओळखण्याचं काम जिवंत माणसांवर सोपवलं.

"कबूल म्हणणारा आवाज तुमचा आहे?" बापूजींनी चंद्रभानला विचारलं.

"आपला आवाज आपल्यालेच कसा समजन, साहेब? तो त बाहेरच्याले ऐकू येते."

म्हणून बाहेरच्यांना बोलावलं. हे लक्ष्मणरावांशेजारी बसून जन्मभर भजन केलेले लोक. पण मृग तोंडावर आला होता, आणि चंद्रभान गावच्या सोसायटीचा अध्यक्ष होता. बियाणं आणि खत त्याच्या सहीशिवाय कोणाच्या बैलबंडीत पडत नसे. कवडू खंजिरीवाला पिंजऱ्यात उभा राहिला.

"ही खंजिरी कोणाची?"

"माही. थाप पडली का समजते."

"आणि बोलणारा कोण?"

"बोलनाऱ्याकडं माहं ध्यान नाई राहत, साहेब. मी ठेक्यात राहतो."

बाकीचेही ठेक्यातच होते. टाळवाल्यानं टाळ ओळखले, पेटीवाल्यानं पेटी ओळखली. निकालात लिहिलं गेलं, की खंजिरी निर्विवाद सिद्ध झाली असून आवाज सिद्ध झालेला नाही. तानाबाईनं भांडी उचलली आणि गावाबाहेर टिनाच्या झोपडीत राहायला गेली. मला याचा संताप येतो, पण संतापाला निशाणी क्रमांक मिळत नाही.

लक्ष्मणरावांच्या वर्षश्राद्धाला चंद्रभाननं गावजेवण घातलं आणि त्याच टेपची मंडळाकडची नक्कल भोंग्यावर लावली. गाव गहिवरलं. पात्रावर बसलेल्या कवडूनं डोळे पुसले आणि म्हणाला, "लक्ष्मणरावाचाच गळा. हजारात ओळखू येते." भजन संपत आलं तशी चंद्रभाननं बटण दाबून टेप जरा पुढं ढकलला, आणि दुसरं भजन लागलं.

पंगतीत वाढत असलेली तानाबाई कवडूसमोर थांबली. "आता ओळखला काय, कवडूभाऊ?"

"जेवाच्या वक्ती कोर्टाचं काऊन काढतं, ताना?" कवडू म्हणाला. त्यानं वरण मागितलं. तिनं वाढलं.

तानाबाईनं अपील केलं आहे. बापूजींना आवाज ओळखणारा एक तरी साक्षीदार पाहिजे. वाचकहो, 'कबूल हाय' म्हणणारा कोण, याबद्दल इथवर आपल्याला तिळमात्र शंका आलेली नाही. तेव्हा आपलं नाव आणि पत्ता कळवावा, समन्स तिकडेच पाठवू.

काय म्हणता? आपण तर नुसते वाचत होता.