सेकंदाला पाच लाख

आकडा मोठा असला की माणूस शांत झोपतो. पदरात काय पडलं ते मग कोणी उठून बघत नाही. हे तत्त्व ज्यांना कळलं ते मोठ्या पदाला पोचले, आणि त्यातला एक माझ्या पोटचा आहे.

माझा थोरला दूरसंचार कार्यालयात नेटवर्क नियोजन विभागात आहे. सेकंदाला किती माहिती वाहते, तो दर एका एककातून दुसऱ्या एककात नेऊन ठेवणं हे त्याचं काम. मेगाबिटचे हजार किलोबिट, किलोबिटचे हजार बिट, आणि आठ बिट एकत्र बांधले की एक बाइट. (मी तिसरीत शाळा सोडली, पण आठाचा पाढा त्याआधीच झाला होता.) गेल्या वर्षी लोकांनी ओरड केली, की दर जेमतेम दोन आहे. विभागाने तारा बदलल्या नाहीत की रस्ते खणले नाहीत. एकक बदललं. यंदाच्या अहवालात तोच दर दोन हजार. सुधारणा हजारपट, खर्च शून्य. तक्रारीही निम्म्यावर आल्या (तक्रार नेटवरूनच करायची होती). थोरल्याला मानपत्र मिळालं. ते बैठकीच्या खोलीत काचेत लावलंय, आणि काच मीच पुसते. त्यातला एकही आकडा खोटा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

अशा माणसाच्या घराचं नियोजन वाऱ्यावर कसं राहील? त्याने घरात कोणाला किती नेट द्यायचं याचाही तक्ता केला, स्वतः सादर केला, स्वतः मंजूर केला आणि फ्रिजवर चिकटवला. त्याच्या बैठकांना तीन. नातवाच्या खेळांना पाच. दारावरच्या कॅमेऱ्याला एक (त्यात दिवसभर शेजाऱ्यांचं मांजर दिसतं, पण अगदी स्वच्छ दिसतं). आईच्या खोलीला अर्धा.

आता माझी लेक लांब परदेशी असते. रविवारी चार वाजता तिचा व्हिडिओ कॉल येतो. तिची मुलगी अकरा महिन्यांची, सोफा धरून उभी राहायला लागलेली. त्या रविवारी लेक म्हणाली, "आई, बघ हं, आज सोडणार ती!" पोरीने सोफा सोडला, एक पाय उचलला, आणि चित्र गोठलं. पाय हवेत. मी श्वास रोखून बसले. चित्र हललं तेव्हा पोर खोलीच्या दुसऱ्या टोकाला लेकीच्या मांडीवर होती आणि तिकडे टाळ्या चालल्या होत्या.

मी थोरल्याला बोलावलं. त्याने शांतपणे घरभर नेट वाटणारं यंत्र तपासलं. "आई, तुझ्या खोलीत सेकंदाला पाच लाख बिट येतायत. आणखी किती हवेत?"

"पाच लाख आले आणि पोरीचा एक पाय नाही आला?"

"तांत्रिकदृष्ट्या पुरेसे आहेत."

सून औषधाच्या दुकानात काम करते. तिथे एकक चुकलं तर माणूस दगावतो, म्हणून ती आधी एकक वाचते आणि मग आकडा. तिने तक्ता वाचला, यंत्र वाचलं. "अहो, तक्त्यात तुम्ही मेगाबाइट लिहिलंय. यंत्र मेगाबिट मागतं. बाकीच्यांचे आठाने गुणून भरलेत, आईंचा अर्धा तसाच टाकलात. त्यांना आठवा हिस्सा मिळतोय."

थोरल्याने चष्मा पुसला. चूक मान्य करायला तो तयार होता, पण मंजूर तक्त्यातला आकडा तिमाही संपेपर्यंत बदलता येत नाही. मात्र शुद्धलेखनाच्या दुरुस्तीला परवानगी असते. म्हणून त्याने पेन घेतलं, माझ्या ओळीतलं 'बाइट' खोडलं आणि 'बिट' लिहिलं. तक्ता आणि यंत्र जुळले. विषय निकाली निघाला.

मला त्याचा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवसापासून मीही त्याच पद्धतीने चहाचं नियोजन केलं. तो सकाळी एकशेसाठ मिलिलीटरचा एक कप पितो. मी आठवा हिस्सा कपाच्या तळाशी ओतून पुढे ठेवला.

"हे काय, आई?"

"वीस."

"वीस काय?"

"मिलिलीटर. कालपर्यंत तुला एक मिळत होता, आजपासून वीस. वीसपट वाढ झाली की रे."

सून ओट्याकडे तोंड करून बराच वेळ एकच पातेलं घासत होती.

चौथ्या दिवशी तिमाही अकस्मात संपली. थोरल्याने यंत्रात अर्ध्याचे चार केले. रविवारी चित्र इतकं स्वच्छ आलं की सोफ्याच्या कापडाचे टाकेसुद्धा मोजता आले. सोफ्यापाशी मात्र कोणी नव्हतं. "अगं, ती आता धरून कशाला उभी राहतेय?" लेक हसत म्हणाली. "पळते ती!" माझ्याकडे पहिलं पाऊल आहे, नाही असं नाही. हवेतलं. त्याला जमीन तेवढी नाही.

त्या दिवशी थोरला माझ्या शेजारी येऊन बसला. तो उठला तेव्हा मी म्हटलं, "झालं? चारच मिनिटं?"

"दोनशे चाळीस सेकंद बसलो, आई," तो म्हणाला. अगदी सहज म्हणाला, मुरलेला माणूस आहे.

तुम्ही हसलात ना त्याला? बरं केलंत. आता तुमच्या आईपाशी शेवटचं किती वेळ बसलात ते आठवा. मिनिटांत सांगायची लाज वाटली तर सेकंदांत सांगा. तुमच्याही मानपत्रासाठी मी काच पुसून ठेवते.