आमच्या कुरणातला रोमन किल्ला

आमच्या सालाज भागात कुठेही कुदळ मारा, खाली रोमन सैनिक झोपलेला असतो. त्यामुळे आपल्याला एक किल्ला सापडणार याची मला खात्रीच होती, उशीर का होतोय एवढंच कळत नव्हतं. मी निवृत्त भूगोल मास्तर. बायको लुक्रेत्सिया गेल्या हिवाळ्यात वारली, मुलगा दूर परदेशात, तोरिनोत, भिंती बांधतो. दिवसभर नकाशे घेऊन बसलो तरी मला टोकणारं कोणी नाही. कोणीतरी टोकावं असं फार वाटतं.

जुलैत सगळं गवत करपलं. मी टेकडीवर चढलो, तर खाली आमच्याच कुरणात हिरवीगार चौकट! कोपरे गोलसर, एका बाजूला दाराएवढी फट. बुजलेल्या खंदकात ओल टिकते आणि वरचं गवत हिरवं राहतं, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलंय. आणि रोमन लोक किल्ल्याचे कोपरे गोलच ठेवत.

मुलाला, ओविदियूला, फोन केला. एरवी तो "दमलोय, बाबा" म्हणून फोन ठेवतो. या वेळी म्हणाला, "खरंच किल्ला असेल तर येतो."

झालं. आता किल्ला असणं भागच होतं.

क्लुज शहरातल्या पुरातत्त्व संशोधक स्मारांदाबाईंना फोटो पाठवला.

"फारच लहान आहे हो, मास्तर."

"सैनिक कमी असतील."

"आणि दार एकच? किल्ल्याला चार असतात."

"बाकीची गवतात दडली असतील. तुम्ही या तर."

बाई रविवारी किल्ला बघायला येणार, हे पाद्रीबुवांनी चर्चमध्ये जाहीर करून टाकलं. त्या दिवशी अख्खं गाव आमच्या अंगणात. बायकांनी पातेली भरभरून कोबीच्या पानांतला खिमा आणला, खुर्च्या कमी पडल्या, खरोखरच आलेला ओविदियू शेजाऱ्यांची बाकडी वाहून आणत होता. घरात इतका गोंगाट लुक्रेत्सिया गेल्यापासून झाला नव्हता. मी उगाचच या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो.

स्मारांदाबाई कुरणात गुडघ्यावर बसल्या. जरा माती उकरली, नाकाशी नेली.

"मास्तर, गेल्या वर्षी इथे मेंढ्या कोणी बसवल्या होत्या?"

"मेंढ्या?"

"मी की," गर्दीतून मेंढपाळ ग्लिगोर म्हणाला. "तुमची पाळी होती ना. लुक्रेत्सियाताईंनीच जागा दाखवली."

गावाचा कळप एक. ज्याच्या जितक्या मेंढ्या, तितक्या रात्री मेंढ्यांचा फिरता वाडा त्याच्या कुरणात, खतासाठी. आमची पाळी तीच बघायची. मी तेव्हा घरात नकाशे बघत असणार.

"मेंढ्या वाड्याच्या कुंपणाला टेकून झोपतात, खत कडेनं पडतं, तिथलंच गवत हिरवं राहतं. फट म्हणजे वाड्याचं दार," बाई म्हणाल्या. "अगदी कोपऱ्यात मात्र शिरत नाहीत. म्हणून हे गोल."

गाव पोट धरून हसलं. मीही हसलो, आणि मग हसता येईना. जाण्याआधी ती कुरणाची सोय करून गेली होती, आणि मी त्यात रोमन शोधत बसलो होतो. ओविदियूने खांद्यावर हात ठेवला. "आईचा किल्ला निघाला की, बाबा."

दोन दिवसांनी तो परत गेला. घर पुन्हा गप्प झालं.

काल ग्लिगोरला रस्त्यात गाठलं. "या वर्षी वाडा वरच्या कुरणात लाव. जरा मोठा लाव."

"लावतो की, मास्तर."

"आणि दारं चार ठेव."

"चार? मेंढ्या पळतील सगळ्या."

"पळू देत. शोधायला ओविदियूला बोलावीन."