अस्वलाने रॅम वाढवली त्याची गोष्ट

एका जंगलात, म्हणजे जांभळीच्या नाल्यावरून डावीकडे वळलं की जे लागतं त्या जंगलात, एक अस्वल राहत होतं.

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. ज्यांना शेवट माहीत असेल त्यांनी तोंड बंद ठेवा. अस्वलाचं नाव होतं भालेराव. माझंही आडनाव भालेराव आहे. जगात योगायोग असतात.

मागे कोण हसलं रे?

तर भालेराव निवृत्त होते. सिंहाच्या दरबारात त्यांनी बावीस वर्षं कारकुनी केली होती. जंगलात कुणाला डरकाळी फोडता यायची, कुणाला झाडावर सरसर चढता यायचं. पण 'वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' ही ओळ न अडखळता लिहिणारा प्राणी अख्ख्या जंगलात एकच होता. त्यामुळे सगळ्यांचे अर्ज भालेरावच लिहायचे. त्याचा त्यांना फार अभिमान होता. चालताना दिसायचा तो.

त्यांच्याकडे एक संगणक होता. वय वर्षं बारा. सकाळी त्याचं बटण दाबलं की भालेराव तोंड धुवायचे. मग चहा टाकायचे. मग चहा प्यायचे. मग येऊन बघायचे, तर पडद्यावर ते गोल चक्र अजून फिरतंच आहे. भालेराव त्याला खटारा म्हणायचे, डबडं म्हणायचे, आणि त्याच्यासमोर तासन् तास बसून राहायचे.

एके दिवशी चौकातल्या वडावर नोटीस लागली. जंगलाच्या मधोमध एक पाणवठा होता. सगळे तिथेच पाणी प्यायचे. तो पाणवठा मगरेसाहेबांना देण्याचं ठरत होतं. मगरेसाहेब म्हणजे मगर. त्यांना तिथे जलविहार केंद्र काढायचं होतं. भोवती कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकावर पहारेकरी.

नोटिशीखाली लिहिलं होतं, 'ज्यांची हरकत असेल त्यांनी ती तीस दिवसांत लेखी सादर करावी. एक जरी हरकत आली तरी रीतसर सुनावणी होईल. एकही न आल्यास सर्वांची संमती आहे असे समजण्यात येईल.'

सगळ्यांनी नोटीस वाचली आणि सगळ्यांनी भालेरावांकडे बघितलं. भालेराव म्हणाले, "काळजी नको. मी आहे."

त्याच संध्याकाळी साळूबाई आली. साळूबाई म्हणजे म्हातारी साळिंदर. मागचा एक पाय अधू. तिचं बीळ पाणवठ्याच्या काठालाच होतं. पाणवठा गेला तर पुढचं पाणी नदीचं, आणि नदी तीन टेकड्यांपलीकडे.

"भाऊ," ती म्हणाली, "तेवढा कागूद लिवून द्या. माझ्या पायाचं तुमाला ठावं हाय. तीन टेकड्या मला व्हायच्या न्हाईत."

"साळूबाई, हरकत अशी लिहितो की मगर शेपूट घालेल," भालेराव म्हणाले.

आणि लगेच बसले हो! अगदी लगेच. बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं. भालेरावांनी चहा टाकला, प्याला, कप विसळला. चक्र फिरतच होतं.

"छे छे," भालेराव म्हणाले. "एवढं महत्त्वाचं काम या डबड्यावर करायचं? हा कामाचा अपमान आहे. आधी संगणकाचं बघू. तीस दिवस आहेत की."

त्यांनी ठोकळ्यांना बोलावलं. ठोकळे म्हणजे सुतारपक्षी. जंगलातले संगणक तेच दुरुस्त करायचे. ठोकळ्यांनी चोचीने मागचे स्क्रू काढले, आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, आत जुनी हार्ड डिस्क आहे. ती काढून एसएसडी घाला. रॅम चार जीबी आहे, ती आठ करा. त्याहून जास्त हा मदरबोर्ड घेणार नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. अजून चार वर्षं आरामात जातील. करू?"

"थांबा, थांबा! लगेच काय करू? विचार नको का करायला?"

बाळांनो, त्या जंगलात एक रीत होती. जाणकाराने बरोबर उत्तर दिलं की ते मान्य करायचं नाही. जाणकाराचा त्यात स्वार्थ असतो. म्हणून ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, अशाला जाऊन विचारायचं. त्याचा स्वार्थ नसतो. आमच्याकडे लग्नंसुद्धा अशीच ठरतात. आमच्याकडे म्हणजे त्या जंगलात.

भालेराव रानडुकराकडे गेले.

"रॅम?" रानडुक्कर दचकलं. "अजिबात वाढवू नका. आमच्या साडूने वाढवली. आठवड्यात वीज पडली."

"संगणकावर?"

"नाही, शेजारच्या सागावर. पण पडली ना!"

भालेरावांनी हे वहीत लिहून घेतलं.

मग ते कोल्ह्याकडे गेले. कोल्ह्याचं नव्या संगणकांचं दुकान होतं. तो म्हणाला, "काका, म्हाताऱ्या बैलाची शिंगं रंगवून काय उपयोग? नवाच घ्या." हेही भालेरावांना पटलं. त्यांना त्या दिवसांत सगळंच पटत होतं.

मग त्यांनी व्हिडिओ बघायला घेतले. 'जुना संगणक: वाढवावा की टाकावा?' व्हिडिओ वीस मिनिटांचा होता. भालेरावांच्या संगणकावर तो दोन दिवस चालला. सांगणारा पोपट मधेच थांबायचा तो चोच उघडी टाकूनच. भालेराव त्या उघड्या चोचीसमोर धीराने बसून राहायचे.

मग त्यांनी तक्ता केला. एका बाजूला फायदे, एका बाजूला तोटे, मधे पट्टीने आखलेली रेघ. चौदा पानं झाली. संगणक हळू असल्यामुळे तक्ता वहीत केला. पेनाने. सुवाच्य अक्षरात.

हरकत एका पानात मावली असती. हे भालेरावांच्या लक्षात आलं नाही असं समजू नका. नवव्या पानावर आलं होतं. त्यांनी पान उलटलं.

बाराव्या दिवशी साळूबाई पुन्हा आली. "भाऊ, झालं का?"

"होतंय, होतंय. संगणकाचं अडलंय जरा."

साळूबाईने थोडा विचार केला. मग पाठीवरचा एक लांब काटा तोंडाने उपसला आणि पुढे ठेवला. "ह्यो घ्या. जांभळाच्या रसात बुडवायचा, पळसाच्या पानावर लिवायचं. मी अंगठा उमटवते. म्हंजी तुमच्या मशिनीसाठी थांबाया नको."

भालेराव हसले. फार मोठ्याने हसले. "अहो साळूबाई, कुठल्या जमान्यात आहात? दरबारात द्यायचा अर्ज असा पानाफुलावर लिहितात होय? टाइप केलेला पाहिजे. मुद्देसूद. समास सोडून."

"बरं," साळूबाई म्हणाली. "तुमाला त्यातलं कळतं." आणि लंगडत निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिने विश्वास ठेवला. असल्या माणसांचं काय करायचं, सांगा!

पंचविसाव्या दिवशी ठोकळे स्वतःच आले. "भाऊ, ठरलं का काही?"

"ठरत आलंय. एसएसडी घ्यायची हे नक्की. पण दोनशे चाळीसची की चारशे ऐंशीची?"

"तुमच्याकडे साठवायला आहे काय?"

दोघांनी मिळून बघितलं. एक 'नवीन फोल्डर' होतं. त्यात 'नवीन फोल्डर दोन' होतं. असं करत करत 'नवीन फोल्डर अकरा'मध्ये मुलीच्या लग्नातला एक फोटो निघाला. तोच फोटो आणखी सहा ठिकाणी निघाला. त्यात भालेराव जिलबी खात होते आणि मुलगी दिसत नव्हती.

"दोनशे चाळीस पुष्कळ झाली," ठोकळे म्हणाले.

"पण भविष्याचा विचार..."

"भाऊ, तुम्ही एकसष्ट वर्षांचे आहात!"

यावर भालेराव रुसले. त्यात दोन दिवस गेले.

अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळ्यांची सहनशक्ती संपली. ते सकाळी आले, कुणाला काही न विचारता मागचं झाकण उघडलं, एसएसडी घातली, रॅम बसवली, जुनं सगळं नव्यावर उतरवलं. जेवणाच्या आत काम संपवून ते उडून गेले.

भालेरावांनी बटण दाबलं आणि सवयीने चहा टाकायला गेले. आधण ठेवायच्या आत संगणक सुरू! नऊ सेकंद! भालेराव हातात पातेलं घेऊन बाहेर धावले. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना धरून आणलं आणि संगणक चौदा वेळा बंद-चालू करून दाखवला. ससे टाळ्या वाजवत होते. रानडुक्कर लांब उभं राहून आभाळाकडे बघत होतं.

मग सगळे आपापल्या घरी गेले. भालेराव खुर्ची ओढून बसले. समोर पांढरंशुभ्र पान उघडलं. त्यांनी टाइप केलं, 'प्रति, माननीय वनाधिपती.' पुढे टाइप केलं, 'विषय: पाणवठा देण्यास हरकत असणेबाबत.'

आणि थांबले.

मला जरा पाणी द्या रे कुणीतरी.

हां. तर अर्जाखाली अर्ज लिहिणाऱ्याचं नाव लागतं. हा दरबाराचा नियमच होता. अंगठा कुणाचाही असो, 'लिहिणार अमुक अमुक' असं खाली लिहावंच लागायचं. आता भालेराव हे अस्वल. अस्वलाला मध लागतो. मधाचा परवाना दर वर्षी नवा करून घ्यावा लागतो. आणि तो कागद ज्या टेबलावरून पुढे जायचा, त्या टेबलाशी मगरेसाहेबांचे सख्खे मेहुणे बसायचे.

ही भीती भालेरावांना अठ्ठाविसाव्या दिवशी वाटली असं नाही, बाळांनो. ती पहिल्याच दिवशी, वडाखाली नोटीस वाचतानाच वाटली होती. "मी आहे" म्हणालो ना, तेव्हाच गर्दीत मेहुणे आहेत का ते शोधत होते डोळे माझे.

अस्वलाचे. अस्वलाचे म्हणालो मी.

पण तेव्हा मधे ते चक्र होतं. चक्र फिरत होतं तोवर भालेराव कामात होते. अडचणीत होते. वाट बघत होते. आता चक्र नव्हतं. पान पांढरं होतं, ती उभी काडी लुकलुकत होती, आणि संगणक कसा अगदी तत्पर, पुढच्या अक्षराची वाट बघत उभा!

एकोणतिसाव्या दिवशी भालेरावांना कीबोर्ड जरा कडक वाटला. मग त्यांनी अकराही नवीन फोल्डरांना नावं दिली. मग सातपैकी सहा जिलब्या पुसून टाकल्या. संध्याकाळी थकून झोपले.

तिसाव्या दिवशी त्यांनी अर्जाचा फाँट बदलला. तो फार उद्धट वाटला. दुसरा लावला. तो फार लाचार वाटला. असे आठ फाँट लावून होईपर्यंत पाच वाजले. पाच वाजता दरबारातल्या मुंगसाने हरकतींची पेटी उघडली. आत एक वाळकं पान होतं, तेही वाऱ्याने आलेलं. मुंगसाने ते उलटसुलट करून बघितलं. कोरं होतं. सर्वांची संमती आहे असे समजण्यात आले.

आठ दिवसांत कुंपण उभं राहिलं. भालेरावांना मधाचा परवाना वेळेवर मिळाला. मेहुण्यांनी स्वतः हसून दिला, अगदी खुर्चीवरून उठून.

साळूबाई बीळ सोडून निघाली. जाताना भालेरावांच्या दारात थांबली. भालेरावांनी आधीपासून तीन-चार वाक्यं तयार ठेवली होती. काळ कठीण आहे, यंत्रणाच तशी आहे, आपण प्रयत्न केले, वगैरे.

"भाऊ," साळूबाईने विचारलं, "झाला का वो तुमचा कंप्युटर?"

"झाला."

"पळतोय का आता?"

"नऊ सेकंदांत सुरू होतो."

"बरं झालं बाई," साळूबाई म्हणाली. "लई तरास दिला तुमाला त्यानं."

आणि ती टेकडीच्या वाटेला लागली. दहा पावलं चालायची, थांबायची, पुन्हा दहा पावलं. पहिली टेकडी चढायला तिला दुपार झाली. मी खिडकीतून बघत होतो. तिच्या त्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून मी पुष्कळ शोधला, अजूनही शोधतो. नव्हता.

तात्पर्य: नाचता येत नसेल, तर अंगण कधीही सरळ करून घेऊ नये. बाळांनो, जुन्या संगणकाची रॅम वाढवू नका, आणि एसएसडीच्या तर वाटेलाही जाऊ नका. संगणक मंद आहे तोवरच आपण शूर असतो.