तांबड्या फडक्यातली डबी

आचऱ्याहून वालावलीला जायला दीड-दोन तास लागतात. बाबलीकाका परबांनी त्यासाठी आठ दिवस तयारी केली. कपडे मथुराकाकूंनी पाच मिनिटांत भरले. बाकीचे आठ दिवस गेले ते दातांच्या तयारीत.

त्याला कारण होतं. बाबलीकाकांचं गाऱ्हाणं, म्हणजे शुभकार्यात देवापुढे मोठ्याने घातलेलं मागणं, पंचक्रोशीत प्रसिद्ध. नारळ हातात घेऊन ते आचऱ्याच्या रामेश्वरापासून सुरुवात करायचे आणि एस.टी.ने थांबे घ्यावेत तसा वाटेतला एकेक देव घेत पुढे जायचे. अर्ध्या तासाच्या आत कोणाची सुटका नसे. पण गेल्या वर्षी विजयदुर्गला एका लग्नात, ऐन रंगात आलेले असताना, त्यांची वरची कवळी सुटून नारळावर पडली. आणि मांडवातली दीडशे माणसं दर मागणीला होकार द्यायच्या सवयीने एका सुरात ओरडली, "व्हय म्हाराजा!"

आता वालावलीला मेव्हण्याच्या, म्हणजे दत्तप्रसादच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि गाऱ्हाण्याचा मान थोरल्या जावयाचा. "भावजी, यंदा दात घट्ट बसवन येवा," असं वर दत्तप्रसादने फोनवर सांगितलंही होतं. ते काकांना फार लागलं. गेलेली अब्रू वालावलीतच परत मिळवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मालवणच्या दातांच्या डॉक्टर किशोरीताईंनी त्यांना नवी कवळी करून दिली आणि नीट समजावलं, "काका, प्रवासात नवी वापरा, जुनी जवळ असू द्या. डबीत ठेवा, धुतल्याशिवाय तोंडात घालू नका. आणि कडक काही खाऊ नका."

काकांनी सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं, पण त्यात स्वतःची अक्कल चालवली. नवी वस्तू प्रवासात कोण वापरतो? त्यांनी जुनी कवळी तोंडात घातली आणि नवी डबीत. डबी उघडू नये म्हणून ती तांबड्या फडक्यात बांधून वर तीन गाठी मारल्या.

"तांबडा फडका कित्याक ओ?" काकू म्हणाल्या. "लोकांका वाटात देवाचा कायतरी आसा."

"म्हणानच गो! देवाच्या वस्तूक कोण हात लावणा नाय."

मालवणला गाडी बदलताना काकूंनी माहेरासाठी अर्धा किलो कडक, गुळाचं खाजं घेतलं. गाडी सुटली. डबी आणि नारळ ठेवलेली पिशवी पुढे कंडक्टरच्या सीटखाली होती, खाजं मात्र काकांच्या मांडीवर.

"तुझ्या म्हायाराक वडे कायम गार," खाज्याची पुडी सोडत काका म्हणाले. "तीस वर्सां बघतंय. गरम वडो म्हणान कधी नशिबात नाय."

काकू काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात कट्ट असा आवाज झाला. काकांनी हळूच रुमाल तोंडाशी नेला. जुन्या कवळीचे दोन तुकडे रुमालात आले.

"आता?" काकूंनी कपाळाला हात लावला.

"आता काय? ह्याच येळेसाठी तर डबी!" काका बिनदातांनी हसले. "ह्येका म्हणतत तयारी! घराकडे पोचलंव की धुतंय आणि घालतंय."

पण थांब्यावर दत्तप्रसाद स्वतः हजर. त्याने पिशवी उचलली आणि तो पुढे चालायलाही लागला. काकांनी तोंडावरचा रुमाल काढला नाही आणि बोललेही नाहीत. दत्तप्रसाद प्रभावित झाला. "भावजी मौन धरून इलेत!" त्याने घरभर सांगितलं.

काका पिशवी घेऊन मोरीकडे वळणार, तोच तो पुढे म्हणाला, "आणि तुमची ती तांबडी गाठ आयेन देवाच्या पाटार ठेवल्यान हां."

काका तसेच पाटाकडे निघाले. काकूंनी त्यांना कोपऱ्यात ओढलं. "माझ्या म्हायारच्या देवासमोर तुमचे दात आसत म्हणान कोणाक सांगलात तर बघा!"

काका देवाच्या पाया पडायला म्हणून गेले. वाकले. हात हळूहळू फुलांवरून गाठीपर्यंत पोचला. पाटाशेजारी सत्यवतीबाई, म्हणजे त्यांच्या ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, वाती वळत बसल्या होत्या.

"जावईबापू," मान वर न करता त्या म्हणाल्या, "गाऱ्हाणा होयसर पाटारच्या वस्तूक हात लावचो नाय."

हात मागे आला. भटजींची पूजा आटोपली. नारळ काकांच्या हातात आला आणि माणसं सवयीप्रमाणे भिंतीला टेकून उभी राहिली. काकांनी रामेश्वराचं नाव घेण्यासाठी तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. वाटेतले चाळीस देव डोळ्यांपुढून गेले. एकाचंही नाव वरच्या दातांशिवाय घेण्यासारखं नव्हतं. आज आपण पुन्हा हसं करून घेणार! शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि जेवढं जमलं तेवढं बोलले.

"बा देवा म्हाराजा, ह्या घराचा बरा कर. येयत तेका जेवूक घाल. आणि आता आमका जेवूक सोड!"

क्षणभर कोणालाच खरं वाटेना. मग नव्या घराची कौलं हलतील असा आवाज झाला, "व्हय म्हाराजा!"

दत्तप्रसादने तर मिठीच मारली. "काय गाऱ्हाणा, भावजी! काळजातला एकदम! हेच्या आधी कित्याक नाय घातलात असा?"

पानं मांडली गेली. वड्यांकडे बघत काका खिन्न बसले होते. इतक्यात सासूबाई शेजारी आल्या आणि त्यांनी तांबडी गाठ पदराखालून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"घेवा. धुवन आणलंय."

काकांच्या तोंडाचा आ झाला. "म्हणजे... तुमका म्हायत होता?"

"नारळ काढूक पिशयेत हात घातलंय तेवाच गाठ सोडून बघलंय."

"मगे पाटार कित्याक ठेवलात?"

"तीस वर्सां तुमचा गाऱ्हाणा आयकतंय, जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या. "देवाक म्हटलंय, आजच्या दिवस ह्येंचे दात तेवढे सांभाळ. घाला आता, खावा."

काकांनी भिंतीकडे तोंड करून कवळी बसवली आणि वड्याचा तुकडा तोंडात टाकला. जीभ भाजली. वडा गरम होता.