तळघरातली न विरणारी लाट

लाट ही विरण्यासाठीच जन्माला येते, असं निसर्गाचं मत आहे. विद्यापीठांचं मत वेगळं आहे, आणि आजवरचा अनुभव विद्यापीठांच्या बाजूने आहे.

तळ्यात दगड टाका. लाट उठते, पसरते, पसरता पसरता पातळ होते आणि काठाला पोचेपर्यंत तिच्यात काही उरत नाही. हा तिचा पहिला दुर्गुण. दुसरा असा की लाट मोठी असली तर तिचा माथा पायापेक्षा जोरात पळतो, ती पुढे झुकते आणि तोंडावर आपटते. पण क्वचित कधीतरी हे दोन दुर्गुण एकमेकांना बरोब्बर आवरून धरतात, आणि मग एकच उंचवटा आकार न बदलता लांबवर पळत राहतो. त्याला सॉलिटॉन म्हणतात. दोन दुर्गुण एकत्र नांदले की टिकाऊ वस्तू तयार होते, हे शास्त्रज्ञांना समीकरणं मांडून सिद्ध करावं लागलं. (आमच्या काउंटीतली चार लग्नं बघितली असती तर तेवढा कागद वाचला असता.)

सॉलिटॉन काही नियम पाळतो. उंच लाट बुटक्या लाटेपेक्षा वेगाने पुढे जाते. जितकी उंच, तितकी अरुंद. (आमच्याकडच्या बढत्या याच दोन नियमांनी होतात.) आणि दोन सॉलिटॉन समोरासमोर धडकले तर ते एकमेकांच्या आरपार जाऊन जसेच्या तसे बाहेर पडतात, फक्त धडक झाली नसती तर जिथे असते तिथून केसभर सरकलेले असतात. या केसभराला फार महत्त्व आहे. धडक खरोखर झाली होती, याचा तेवढाच पुरावा मागे राहतो.

आमच्या भौतिकशास्त्राच्या इमारतीत तळघरात एक पोलादी पिंप आहे, दुधाच्या टँकरएवढं. त्यातली हवा पंपाने उपसायची, चिमूटभर आर्गॉन वायू सोडायचा, फिलामेंटची बारीक तार तापवायची, की वायूच्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि पिंपात जांभळट उजेड पडतो. हा प्लाझ्मा. पिंपाच्या दोन्ही टोकांना जाळ्या आहेत. जाळीला विजेचा झटका दिला की प्लाझ्मात लाट उठते, आणि मधोमध एका सळईवर बसवलेली सुई ती टिपते. मी या पिंपाचा मेकॅनिक, सव्वीस वर्षं झाली. पंपाचं तेल बदलणं माझ्याकडे, विश्वाचं कोडं सोडवणं वरच्या मजल्याकडे.

तेरा वर्षांपूर्वी प्रोफेसर वेंडेल क्रॅबट्री यांना या पिंपात एक लाट सापडली. अशी सुबक लाट दुसऱ्या कुठल्याच पिंपात कुणाला सापडली नाही, आणि यावरूनच आमच्या पिंपाची थोरवी सिद्ध झाली. तिचं नाव क्रॅबट्री लाट. तिच्यावर आजवर एकेचाळीस निबंध, नऊ डॉक्टरेट आणि लिफ्टशेजारी एक पितळी पाटी निघाली. आता, सुईची ती सळई पुढेमागे सरकायला हवी, म्हणजे लाट इथे केव्हा आली, तिथे केव्हा गेली, हे कळतं. सळई अडकली लाट सापडायच्या आदल्या हिवाळ्यात. जोर लावला तर बाहेरची हवा अडवणारं सील फुटेल म्हणून तिला कुणी हात लावला नाही. त्यामुळे ही लाट तेरा वर्षं एकाच जागेवरून बघितली गेली. ती चालते हे तिला चालताना एकदाही न बघता सिद्ध झालं, आणि असं काम फार थोड्यांना जमतं.

कुणाला शंका कशी आली नाही, असं विचारणाऱ्यांना ‘अरेखीय’ हा शब्द माहीत नसावा.

दुप्पट ढकललं की दुप्पट सरकतं, ते रेखीय. दुप्पट ढकलल्यावर काय होईल याचा नेम नाही, ते अरेखीय. शब्द चांगला आहे, खरा आहे, कष्टाने कमावलेला आहे. पण आमच्या इमारतीत तो कुलपासारखा वापरतात. पॉटलकला, म्हणजे घरोघरून पदार्थ आणायच्या जेवणाला, अकरा जणांनी ओव्हनमधलं बटाट्याचंच हॉटडिश का आणलं? अरेखीय आहे. तिसऱ्या मजल्यावर हीटर का लागत नाही? अरेखीय आहे. फेब्रुवारीतल्या एका आठवड्यात मी मोजलं. शब्द एकसष्ट वेळा उच्चारला गेला, त्यापैकी लाटेसंबंधी चार वेळा, आणि त्या चारांपैकी एकदा बरोबर. शब्द ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या: शून्य. माणूस ‘हो का’ म्हणतो आणि कॉफी घ्यायला जातो.

ब्रिटा हॉगनेस ही क्रॅबट्रींची दहावी विद्यार्थिनी. तिचा बाप धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसतो, त्यामुळे ट्रक काट्यावर घ्यायच्या आधी काटा शून्यावर आहे का ते बघायची वाईट खोड तिला घरातूनच लागलेली. तिचं सातवं वर्ष चालू होतं. आमच्याकडे सात वर्षांत प्रबंध मान्य झाला नाही तर शिकलेलं सगळं नियमानुसार न शिकलेलं धरतात. तिच्या हातात मेपर्यंतचा वेळ होता. प्रबंधाचा विषय: दोन क्रॅबट्री लाटांची समोरासमोर धडक.

लाटा धडकल्या आणि जशाच्या तशा बाहेर पडल्या. क्रॅबट्रींनी केक मागवला. ब्रिटा मात्र ते केसभर सरकणं शोधत बसली. चार महिने शोधलं. दोन्ही लाटा केसभर तर सोडाच, केसाच्या शंभराव्या हिश्श्यानेही सरकल्या नव्हत्या.

एका मंगळवारी सकाळी मी आर्गॉनचं रिकामं सिलिंडर उतरवत होतो. ती म्हणाली, “व्हर्न, नवीन लावू नकोस जरा.”

“का गं?”

“असाच झटका देऊन बघते.”

“अगं, गॅस नाहीये.”

“माहीत आहे.”

“फिलामेंटपण बंद आहे.”

“व्हर्न, मला माहीत आहे! सांग, आत्ता पिंपात काय आहे?”

“काही नाही. ते ‘काही नाही’ मिळवायलाच तर पंप बोंबलत असतो दिवसभर.”

तिने झटका दिला. पडद्यावर क्रॅबट्री लाट आली. तेरा वर्षांत इतकी स्वच्छ कधी आली नव्हती. एरवी प्लाझ्मा मध्ये मध्ये कडमडत असावा.

ब्रिटाने आलेख छापून घेतला. मग म्हणाली, “सहा वर्षं घातली रे मी या बाईसाठी.”

दोष शोधायला दुपारपर्यंत वेळ लागला. सुईच्या केबलवर तांब्याच्या तारांची वेणी असते, तिचं अर्थिंग एकाच ठिकाणी करायचं असतं. इथे ते दोन ठिकाणी केलेलं होतं. झटका देणारं यंत्र झटक्यानंतर एक उचकी देतं; ती उचकी जादा अर्थिंगमधून थेट सुईच्या केबलमध्ये येत होती. झटका मोठा दिला की उचकी मोठी आणि जरा लवकर, म्हणून ‘उंच लाट वेगवान’ हा नियमही पाळला जात होता. आणि दोन लाटा एकमेकींना न दुखावता पार जात होत्या, कारण त्या आयुष्यात कधी भेटल्याच नव्हत्या.

दुरुस्ती: एक टोक कापणं. वेळ: चार मिनिटं. पण पिंपात कसलाही बदल करायचा तर अर्ज लागतो, आणि अर्जात सातवा प्रश्न असतो: ‘या दुरुस्तीमुळे कोणतं संशोधन बाधित होईल?’ ब्रिटाने लिहिलं, ‘सगळं.’ अर्ज दोन दिवसांत परत आला. शेरा होता: ‘तपशील अपुरा.’

मग आम्ही दोघं क्रॅबट्रींकडे गेलो. माणूस सज्जन आहे. माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी तीन दिवस घरी सूप पाठवलं होतं त्यांनी. त्यांनी गॅस असतानाचा आणि नसतानाचा असे दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा पुसला.

“ब्रिटा, प्लाझ्मा नसतानाची लाट प्लाझ्मा असतानाच्या लाटेबद्दल काहीच सांगत नाही.”

“वेंडेल, दोन्ही एकच आहेत. एकावर एक ठेवून बघा.”

त्यांनी ठेवून बघितलं. त्यांचा चेहरा उजळला. “बघ, म्हणजे किती टिकाऊ आहे! माध्यम काढून घेतलं तरी विरली नाही!”

“अहो, ती केबल आहे!”

“अगं, तू सरळ रेषेत विचार करतेस. हे अरेखीय आहे.”

मी म्हणालो, “प्रोफेसर, मी चार मिनिटांत वेणी कापतो. मग लाट राहिली तर तुमची.”

ते माझ्याकडे प्रेमाने बघून म्हणाले, “व्हर्न, पंपाचं तेल बघितलंस का या आठवड्यात?”

प्रकरण विभागप्रमुख मार्जोरी ओल्डहॅम यांच्या समितीकडे गेलं. समितीत पाच जण. एकाने लाटेवर पुस्तक लिहिलेलं, दोघांनी लाटेवर डॉक्टरेट घेतलेली, चौथ्याने त्या दोघांना तपासलेलं. पाचव्या स्वतः ओल्डहॅम. पितळी पाटीचं अनावरण त्यांनी केलं होतं. इतकी जाणकार समिती मिळणं कठीण. समितीने उदार तोडगा काढला: गॅस बंद असतानाच्या लाटेवर ब्रिटाने लिहिलेलं प्रकरण प्रबंधातून गाळावं आणि तोंडी परीक्षेत ब्रिटाने तो विषय स्वतःहून काढू नये. तसं लिहून द्यावं. नाहीतर परीक्षा पुढच्या सत्रात. म्हणजे मेनंतर. म्हणजे कधीच नाही.

ब्रिटाने लिहून दिलं. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती खाली आली आणि सिलिंडरवर बसली.

“झाला का फुगून?”

“सही करून बसलीस. आता काय राहिलंय?”

“नीट वाचलंस का कागद? ‘स्वतःहून’ लिहिलंय. कुणी विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर नापास करतात. परीक्षा सगळ्यांना खुली असते. शेवटी श्रोत्यांना प्रश्न विचारू देतात.”

“मग विचारेल की कुणीतरी.”

“कोण विचारणार? शब्द ऐकला की सगळे कॉफीला जातात. तूच विचार. ‘गॅस बंद केल्यावर काय होतं?’ एवढंच. पाच शब्द आहेत, व्हर्न.”

“आणि तुझी डिग्री गेली तर?”

“जाईल,” ती म्हणाली. “बापाला सांगेन, काटा शून्यावर नव्हता.”

मार्चमधल्या गुरुवारी, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, परीक्षा झाली. सभागृहात आम्ही दोघं सोडून एकतीस माणसं, टेबलावर लिंबाच्या वड्या. ब्रिटा पन्नास मिनिटं बोलली. मग ओल्डहॅमबाई प्रथेप्रमाणे म्हणाल्या, “श्रोत्यांपैकी कुणाला काही?” आणि प्रथेप्रमाणे लगेच कागद गोळा करायला लागल्या.

मी उभा राहिलो. “गॅस बंद केल्यावर काय होतं?”

ब्रिटाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्वच्छ आवाजात म्हणाली, “लाट येते. जशीच्या तशी. कारण ती प्लाझ्मात नाहीच, केबलमध्ये आहे. कधीच नव्हती प्लाझ्मात.”

क्रॅबट्रींनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. तेरा वर्षं, एकेचाळीस निबंध, पितळी पाटी, सगळं आता धाडकन खाली येणार.

समिती बाहेर गेली. अकरा मिनिटांनी परत आली. ओल्डहॅमबाईंचा चेहरा गंभीर आणि आनंदी असा दोन्ही होता. त्यांनी वाचून दाखवलं: “प्लाझ्माच्या अनुपस्थितीतही टिकणाऱ्या, माध्यम-निरपेक्ष सॉलिटॉनच्या प्रथम निरीक्षणाबद्दल समिती हा प्रबंध विशेष प्रशंसेसह मान्य करीत आहे. गाळलेलं प्रकरण पहिलं प्रकरण म्हणून घालावं.”

“मी म्हटलं, ती लाट नाहीये!” ब्रिटा ओरडली.

“अभिनंदन, डॉक्टर हॉगनेस,” ओल्डहॅमबाई म्हणाल्या, आणि टाळ्या सुरू झाल्या.

ती माझ्या शेजारून जाताना थांबली. “व्हर्न, ही डिग्री आहे की शिक्षा?” ती पदवीदानाला आली नाही. प्रमाणपत्र टपालाने पाठवलं, ते परत आलं. विभागाने ते फ्रेम करून लिफ्टशेजारी लावलं. ती आता बापाच्या शेजारच्या कोठारावर काटे तपासते. तिचा प्रबंध, जो ती स्वतः खोटा म्हणते, आजवर सतरा निबंधांत आधाराला घेतला गेलाय. प्लाझ्माशिवायच्या प्लाझ्मा-लाटांची पहिली परिषद येत्या उन्हाळ्यात आहे. पंप मात्र चालू ठेवावा लागेल म्हणतात, परंपरा आहे.

माझी बदली रसायनशास्त्राच्या काचकामात झाली, रस्त्यापलीकडे. म्हणजे खरं आणि खोटं समोरासमोर धडकलं, दोन्ही जसंच्या तसं बाहेर पडलं, आणि सरकलो तेवढे आम्ही दोघं.

पण तक्रार करायला जागा नाही. त्या सभागृहातले एकतीसच्या एकतीस जण नंतर मला येऊन भेटले. सगळे एकदम नाही, एकेकटे. पार्किंगमध्ये, जिन्यात, एक जण तर मुतारीत. प्रत्येकाने आधी मागे वळून बघितलं, मग माझा हात दाबला आणि हळूच सांगितलं, “बरं झालं विचारलंस. आम्हाला कधीपासून वाटत होतं.” क्रॅबट्रीही येऊन गेले. त्यांनाही कधीपासून वाटत होतं.

आणि तुम्ही. तुम्ही तर इथे एकटेच वाचताय, समोर समिती नाही, कुणाची डिग्री अडलेली नाही. तरी आत्ता मान डोलावलीत ती हळूच, आणि आजूबाजूला बघून.