नारळाला ठोकलेली टोपली

एका जंगलात सिंह नव्हता, वाघ नव्हता आणि, लिगायाच्या समजुतीप्रमाणे, खेळाचं नावही नव्हतं. बोटीतून उतरेपर्यंत ही समजूत छान टिकली.

हे जंगल होतं दूर पूर्वेच्या समुद्रात, फिलिपिनो लोकांच्या असंख्य बेटांपैकी एका बेटावर. लिगाया होती पिसोरी. पिसोरी म्हणजे सशाहून जेमतेम मोठं हरीण, बाळांनो. शिकायला मात्र ती गेली होती थेट जिराफांच्या देशात, क्रीडा महाविद्यालयात. तिथे सगळं मान वर करूनच ऐकावं लागे. त्यामुळे तिची मान दुखायची, पण ध्येय उंच राहायचं.

तिला वाटलं होतं, आपल्या बेटावरचे प्राणी झाडाखाली जांभया देत पडलेले असतील. आपण शिट्टी वाजवू. ते डोळे चोळत उठतील. मग आपण त्यांना खेळ म्हणजे काय ते समजावून सांगू. भाषणसुद्धा पाठ होतं.

पण धक्क्यावर तिला घ्यायला कुणीच आलं नाही. सगळे खेळत होते.

जिथे म्हणून नारळाचं झाड होतं, तिथे त्याला बूड नसलेली एक टोपली ठोकलेली होती. खाली उदमांजरं, खवल्या मांजरं, खेकडे आणि माकडं वेताचा चेंडू तिच्याकडे फेकत होती. पायात रबरी चपला. चार पायांच्या गड्यांनाही दोनच. उरलेल्या दोन मैदानाच्या खुणा म्हणून ठेवलेल्या. अंगात बनियन, आणि प्रत्येक बनियनवर गावच्या कापितानाचा हसरा चेहरा. कापितान म्हणजे तिथला सरपंच. जातीने रेडा.

दुसरे खेळ नव्हते असं नाही. बगळे व्हॉलीबॉल खेळत. घोरपडी पेरू ढकलत बिलियर्ड खेळत. माकडांची मुष्टियुद्धं असली की सगळं जंगल थांबे. चोरसुद्धा त्या दिवशी चोरी सोडून येत आणि ज्याच्या घरी चोरी करायची त्याच्याच शेजारी बसून टाळ्या वाजवत. आणि एक फार जुना खेळ होता कोंबड्यांच्या झुंजीचा. तो सर्वांना आवडे. कोंबड्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पण टोपलीची सर कशालाच नव्हती. तिच्यामुळे झुंजी मागे पडल्या होत्या.

लिगाया थक्क झाली. कारण बेटावर रेडा सोडला तर कुणाचंच डोकं गवताच्या फार वर जात नव्हतं. तिने बुबॉयला गाठलं. बुबॉय होता टार्सियर, म्हणजे मुठीएवढ्या अंगाचा आणि बशीएवढ्या डोळ्यांचा प्राणी. पाच पोरांचा बाप, आणि किनारा वस्तीचा पट्टीचा खेळाडू.

"बुबॉयदादा, आज किती वेळा चेंडू टोपलीत गेला?"

"आज? एकदाही नाही, ताई."

"आणि काल?"

"कालही नाही. पण काल कडेला लागला होता!"

"लागला होता! आम्ही पाहिला!" बाकीचे ओरडले.

"अहो, पण तुमची उंची..."

"आमच्या उंचीचं काय करायचंय? टोपलीला आहे ना उंची."

लिगायाच्या डोळ्यांत पाणी आलं. किती हा अन्याय! जिराफांनी जिराफांसाठी केलेला खेळ, आणि माझी भोळी माणसं त्यात रोज हरताहेत! तिने त्याच आठवड्यात सभेत भाषण केलं. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," ती म्हणाली. "टोपली खाली आणा. गुडघ्याइतकी. यश प्रत्येकाच्या आवाक्यात आलं पाहिजे!"

टाळ्या पडल्या. काय बोलली ते फारसं कुणाला कळलं नाही, पण पोरगी आपली होती आणि तळमळीने बोलत होती. कापितानाने तिला तिथल्या तिथे क्रीडाधिकारी नेमलं आणि गळ्यात पितळी बिल्ला घातला. टोपली खाली आणायची म्हणजे उद्घाटन आलं, आणि उद्घाटन त्याला उसापेक्षा गोड लागे.

एकच प्राणी टाळ्या वाजवत नव्हता. कुलास कोंबडा. तो टोपलीच्या खेळाचा पंच होता, आणि बेटावर त्याच्याइतका कडक पंच दुसरा नव्हता.

"ताई," सभा उठल्यावर तो हळूच म्हणाला, "टोपली आहे तिथे राहू द्या."

"का हो? तुम्हाला प्रगती नको?"

"प्रगती हवी. पण हा खेळ बंद पडला तर यांना माझी आठवण येईल. आमच्या वडलांची आली होती. ते परत आले नाहीत."

लिगायाने छातीवर खूर ठेवला. "कुलासदादा, शास्त्र माणसाला मागे नेत नाही. तुमच्या पिसालाही धक्का लागणार नाही. शब्द देते."

टोपल्या खाली आल्या. कापितानाने प्रत्येक टोपलीची वेगळी फीत कापली.

पहिला दिवस काय वर्णावा! ज्याने त्याने टोपली केली, म्हणजे चेंडू आरपार घातला. आंधळ्या घुशीने केली. गोगलगाईने केली, आणि मग वळून पुन्हा केली. दुसऱ्या दिवशीही सगळ्यांनी केली. पुढे पुढे गोगलगाय म्हणाली, "आज नको, कंटाळा आलाय." बुबॉय घरी बसून पोरांवर खेकसू लागला. त्याच्या बायकोने लिगायाला विचारलं, "अहो बाई, यांना पुन्हा हरवायची काही सोय आहे का?"

"सवय व्हायला वेळ लागतो," लिगाया म्हणाली. पण रात्री तिची मान पुन्हा दुखू लागली. आता वर बघायचं काही नव्हतं, तरीही.

तेवढ्यात जत्रा आली. बेटावर दोन वस्त्या: किनारा आणि डोंगर. दोघींत मिळून गोड्या पाण्याचा झरा एकच. सकाळी आधी कुणी पाणी भरायचं, यावर दर वर्षी भांडण व्हायचं, आणि दर वर्षी ते जत्रेतल्या सामन्यात मिटायचं. ज्यांचा चेंडू जास्त वेळा कडेला लागेल ती वस्ती जिंकली, आणि जिंकेल ती वर्षभर आधी पाणी भरणार. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना बर्फ घातलेलं शहाळ्याचं पाणी पाजायचं आणि पुढच्या जत्रेपर्यंत कुरकुर करायची नाही. असा रिवाज होता.

यंदाचा सामना सुरू झाला. किनाऱ्याने टोपली केली. डोंगराने केली. किनाऱ्याने केली. डोंगराने केली. चुकायची सोयच नव्हती. मोजणारा धनेश पक्षी मोजता मोजता झोपला. शेवटी कापितान उभा राहिला आणि म्हणाला, "दोन्ही संघ विजयी!"

कुणी टाळी वाजवली नाही.

"मग शहाळी कोण आणणार?" डोंगरवाल्यांनी विचारलं.

"आणि झऱ्यावर आधी कोण येणार?" किनाऱ्यावाल्यांनी विचारलं.

"दोघंही," कापितान म्हणाला.

दोघंही आले. संध्याकाळपर्यंत तीन शेपट्या चावल्या गेल्या आणि झरा गढूळ झाला. तेव्हा एक म्हातारं माकड म्हणालं, "आपल्या आजोबांच्या वेळी असं झालं की कोंबडे झुंजवायचे. एक उरायचा. निकाल लागायचा."

आणि सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला वळले.

कुलास लिगायाकडे आला तेव्हा दिवस मावळत होता. त्याने आपली शिट्टी तिच्यापुढे ठेवली.

"ही ठेवा. उद्या सकाळी चोच मोकळी हवी, असं म्हणताहेत. समोर माझा मावसभाऊ आहे."

"पण मी शब्द दिला होता!"

"हो ना," कुलास म्हणाला. "छान दिला होता."

लिगाया धावत सुटली. कापितान डबक्यात निवांत बसला होता.

"कापितान, टोपली वर न्या! आत्ता!"

"असं कसं, लिगायाबाई? वर न्यायची तर उंची समिती हवी. समिती नेमायला सभा हवी. सभा झुंजीनंतर."

"झुंजीनंतर उपयोग काय?"

"अधिकाऱ्याने परवानगीवाचून खिळासुद्धा ठोकू नये. तुम्ही शिकलेल्या आहात."

"आणि इतक्या वर्षांच्या त्या सगळ्या टोपल्या? त्या कुणाच्या परवानगीने ठोकल्या होत्या?"

"इतरांना कशाला हवी परवानगी?" कापितानाला खरोखर आश्चर्य वाटलं. "ते काय, नुसते खेळतात." आणि तो नाकपुड्यांपर्यंत चिखलात गेला. म्हणजे बोलणं संपलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मैदानात गोल रिंगण धरून सगळं जंगल बसलं. कुलासच्या पायाला पातं बांधायला दोरी आणली होती. कापितान आसनावर बसून फितीची वाट बघत होता.

लिगाया रिंगणात आली. तिने गळ्यातला बिल्ला काढला आणि कापितानाच्या शिंगाला अडकवला.

"हे काय?" कापितान म्हणाला. "आता तुम्ही कोण?"

"कुणी नाही," लिगाया म्हणाली. "किनाऱ्याकडची एक पिसोरी."

मग तिने टोपलीला दात लावले आणि एका हिसड्यात खिळ्यांसकट उपटली. "बुबॉयदादा, चढा वर. जुन्या जागेच्याही हातभर वर ठोका."

बुबॉयचे बशीएवढे डोळे परातीएवढे झाले. "एवढ्या वर? ताई, तिथे तर कुणालाच जमणार नाही!"

"कुणालाच नाही?" डोंगरवाल्यांतून आवाज आला.

"तुम्हाला तर मुळीच नाही!" किनाऱ्यावाले ओरडले.

"बघू या का? आणा चेंडू! माझी चप्पल कुणी घेतली रे?"

रिंगण मोडलं. जो तो चपला शोधू लागला. कुलासने दोरीतून पाय हळूच बाहेर ओढला, पंख झाडले आणि आपली शिट्टी परत मागितली.

तात्पर्य: बाळांनो, यश कधीही सर्वांच्या आवाक्यात आणू नये, त्याने शेजाऱ्यांत वैर वाढतं. रोज हरायला मिळेल असं काहीतरी प्रत्येक गावात असावं. आणि समाजाची सेवा करायची फारच तळमळ असेल, तर आधी पदाचा राजीनामा द्यावा. या मताला कोंबड्यांचा एकमुखी पाठिंबा आहे. यावेळी त्यांना विचारलं होतं.